फिल्टर चांगलाच होता!

माझ्या गाडीचा ऑईल फिल्टर उत्तम प्रतीचा होता, हे मी आधीच सांगून ठेवते. पुढे जे काही झालं त्याच्याशी फिल्टरचा काडीचाही संबंध नाही. माझ्या सासरी आणि माहेरी हा विषय निघाला की बायका तोंडाला पदर लावून आणि पुरुष रुमाल लावून हसतात. हसोत बापडे! मी माझं म्हणणं बदललेलं नाही आणि बदलणारही नाही.

मी पनवेलच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. (हेही लोक हसत हसतच सांगतात.) पंचेचाळिसाव्या वर्षी मी गाडी चालवायला शिकले, तेव्हा सोसायटीतल्या लोकांनी आपापल्या स्कूटर मागच्या गेटजवळ लावायला सुरुवात केली होती. पण मी शिकले! गाडी घेतली, तीही माझ्या एकटीच्या नावावर. लहानशी आहे, आता म्हातारी झालीय, डाव्या बाजूचं मागचं दार आतून उघडत नाही. पण माझी आहे. आयुष्यात पहिल्यांदा, कुणालाही न विचारता, मला हवं तेव्हा हवं तिकडे नेणारी वस्तू ती. तिच्याबद्दल कुणी वाकडं बोललं की माझं डोकं फिरतं.

आणि वाकडं बोलणारा माणूस घरातच होता. आमचे हे, म्हणजे प्रभाकर, सरकारी नोकरीतून रिटायर झाले आणि घरातली कुठली वस्तू जुनी झाली याची पाहणी करायला लागले. आधी मिक्सर गेला, मग कपाट गेलं. एक दिवस चहा पिता पिता म्हणाले, "मंदा, गाडी काढून टाकूया."

"कुठून काढायची? पार्किंगमधून?"

"विकून टाकूया गं. भरवसा राहिला नाही तिचा. करंज्याचे नामदेवशेठ विचारत होते. त्यांच्या सुनेला हात साफ करायला जुनी गाडी हवीय."

करंजा माझं माहेर. नामदेवशेठ माझ्या भावाचे, रमेशचे शेजारी; दोन होड्यांचे मालक. म्हणजे माझ्याच माहेरच्या माणसाला माझी गाडी द्यायचा घाट ह्यांनी माझ्या पाठीमागे घातला होता! मी कप खाली ठेवला.

"गाडीला काय धाड भरलीय?"

"परवा सिग्नलला बंद पडली."

"तुम्ही बडबडत होतात म्हणून क्लच सुटला माझा!"

बराच वेळ हमरीतुमरी झाल्यावर पैज लागली. पुढच्या आठवड्यात रमेशच्या मुलाची, विकीची हळद होती करंज्याला. गाडी विनातक्रार करंज्याला पोचली तर विकायचा विषय कायमचा बंद. वाटेत बंद पडली तर त्याच दिवशी, त्याच मांडवात, मी माझ्या हाताने चावी नामदेवशेठना द्यायची. "शब्द?" हे म्हणाले. "शब्द!" मी म्हणाले. आमच्या घराण्यात दिलेला शब्द फिरवत नाहीत. (फिरवता आला असता तर बरं झालं असतं, असं मला त्या आठवड्यात दोनदा वाटलं.)

मग मी गाडीच्या सर्व्हिसिंगला लागले. नेहमीच्या मेकॅनिककडे गेले आणि सहज विचारलं, "ऑईल फिल्टर कुठला टाकतोस रे?"

"मॅडम, टेन्शन कशाला घेता? सगळे फिल्टर सेमच असतात."

सगळे सेम! अहो, मी कोळ्याची मुलगी. सगळे बोंबील सेम असतात असं माझ्या आईसमोर कुणी म्हणालं असतं तर तिने त्याला दारातूनच परत पाठवला असता. मी त्याला तिथल्या तिथे पाच मिनिटं व्याख्यान दिलं: इंजिनात ऑईल फिरतं, ते फिरताना धातूचा कीस, काजळी, कचरा गोळा करतं, आणि हा कचरा अडवायचं काम फिल्टर करतो. तो मधेच म्हणाला, "मॅडम, एवढं कळतं तर तुम्हीच बदला ना!"

"बदलीन!" मी म्हणाले आणि गाडी घेऊन तरातरा निघाले. रागाच्या भरात रिव्हर्समध्ये त्याचा ग्रीसचा डबा पाडला, तो भाग वेगळा.

जुन्या बाजारपेठेत इब्राहिमचाचांचं स्पेअर पार्टचं दुकान आहे. चाचा सत्तरीचे, पांढरीशुभ्र दाढी, डोळ्यांवर जाड चष्मा. त्यांनी माझ्या गाडीचं मॉडेल ऐकून काउंटरवर तीन फिल्टर ठेवले. तिन्ही डबीसारखे गोल, तिन्ही बंद. आता आतलं कसं कळणार? मी जरा विचार केला आणि आईने शिकवलं तसं सुरू केलं. आधी हातात घेऊन वजन पाहिलं. मग अंग दाबून पाहिलं. मग उलटा करून भोकांतून आत डोकावले, जसे माशाचे कल्ले उघडून बघतात. आणि मग, सवयीने, वास घेतला.

"ताई," चाचा हळूच म्हणाले, "हे पापलेट नाही."

"माहितीय मला! पण हा हलका लागतोय, आणि ह्याच्या आत कागदाच्या घड्या विरळ दिसतायत. हा नको!"

चाचांनी चष्मा वर केला. "माशाअल्ला! वीस वर्षांत एका गिऱ्हाइकाने एवढं बघितलं नाही. बसा, बसा." त्यांनी काउंटरखालून मधोमध कापलेले दोन जुने फिल्टर काढून दाखवले. एकात कागद दाट, एकसारखा, घडी घडी मोजून घ्यावी असा. दुसऱ्यात कागद वाकडातिकडा, एका बाजूला गोंद सुटलेला. "हा डुप्लिकेट. ऑईल ह्याच्यातून गाळलं जातच नाही, बाजूने निघून जातं. आणि हे रबर बघा आतलं. गाडी बंद केली की हे ऑईल मागे परतू देत नाही. डुप्लिकेटमध्ये एकतर हे नसतं, नाहीतर कडक होतं. सकाळी गाडी चालू केली की इंजिन कोरडंच खडखडतं."

माझी गाडी सकाळी खडखडत होती! म्हणजे मेकॅनिकने गेल्या वेळी... मी तिथेच कपाळावर हात मारला. एव्हाना दुकानात चारपाच गिऱ्हाइकं जमली होती. रिक्षावाला, दोन टेम्पोवाले, एक बिचारा नुसता हॉर्न घ्यायला आलेला. मी तिसरा फिल्टर उचलला. जड, घड्या दाट, आतलं रबर मऊ, आटे स्वच्छ, बाहेरची रिंग लुसलुशीत, डब्यावर माझ्या गाडीच्याच मॉडेलचा नंबर. "हा!" मी म्हणाले. "एक नंबर निवड," चाचा म्हणाले.

बस्स, मग मला कोण थांबवणार? मी त्या सगळ्यांना फिल्टर कसा ओळखावा ते शिकवायला सुरुवात केली. त्याच वेळी चाचा मला मागून काहीतरी सांगत होते. "ताई, जुनी रिंग... बसवायच्या आधी जुनी रिंग..." असं काहीसं. पण मी त्या हॉर्नवाल्याला घड्या मोजायला लावल्या होत्या, त्यामुळे मी नुसती "हो हो" म्हणून मान हलवली. वर्गात असं मान हलवणारं पोर मी बाकावर उभं करते.

रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये शस्त्रक्रिया झाली. मी मोबाईलवर तीन व्हिडिओ बघून ठेवले होते. जुनं ऑईल काढायला गाडीखाली जावं लागतं, आणि माझ्या अंगलटीची बाई आमच्या गाडीखाली जात नाही. ह्यांची अंगकाठी मात्र देवाने त्यासाठीच घडवलेली. सतरंजी टाकली आणि ह्यांना सरकवलं.

"मंदा, पैज तुझी आहे, गाडीखाली मी का?"

"तुम्ही नुसता नट फिरवा हो! डावीकडे!"

"कुणाच्या डावीकडे? अगं, आलं! आलं! तोंडावर आलं!"

"तोंड मिटा मग!"

हे बाहेर आले तेव्हा सोसायटीच्या वॉचमनने ह्यांना ओळखलं नाही. इकडे मी बॉनेट उघडून, आत हात घालून, जुना फिल्टर फिरवून काढला. आणि मला दिसलं की फिल्टर हातात आलाय, पण त्याची रबरी रिंग मागे इंजिनलाच चिकटून राहिलीय. चांगली घट्ट बसलेली, सगळीकडून चपखल.

आता मी काय विचार केला तेही प्रामाणिकपणे सांगते, मग हसा. आमच्या कुकरची रिंग सैल झाली होती, तेव्हा मी तिच्याखाली जुन्या रिंगचा तुकडा घालून कित्येक महिने वरणभात शिजवला होता. जराही वाफ गेली नव्हती! तर मी म्हटलं, एवढी छान बसलेली रिंग काढून टाकायची कशाला? ही राहू दे, वर नव्या फिल्टरची नवी रिंग. दोन रिंगा, दुहेरी बंदोबस्त! कंपनीवाल्यांना हे सुचलं नाही, कारण त्यांच्यापैकी कुणी स्वयंपाक करत नसणार.

फिल्टर बसवला, हाताने घट्ट आवळला, नवं ऑईल ओतलं, गाडी चालू केली. खडखड गायब! पाच मिनिटं चालू ठेवली, खाली कागद टाकून पाहिला, एक थेंब नाही. मी फिल्टरला आणि बॉनेटला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि सोसायटीत खोबरं वाटलं. ह्यांनीही वाटीतलं खोबरं उचललं आणि म्हणाले, "बघू करंज्याला." मी मनात म्हटलं, बघाच!

हळदीच्या दिवशी दुपारी आम्ही निघालो. मी पिवळी साडी, हे पांढरा कुर्ता. मांडीवर ह्यांच्या पितळी डबा, त्यात मी स्वतः कांडलेली हळद. आमच्या घरात नवऱ्यामुलाला पहिली हळद आत्याने लावायची आणि हळदही आत्याच्याच घरची. त्याशिवाय कुणी बोटसुद्धा लावत नाही. गव्हाण फाट्यापर्यंत गाडी अशी पळाली की मी दोनदा म्हणाले, "ऐकलंत इंजिन? ऐकलंत?" हे खिडकीतून कंटेनर मोजत बसले होते. रस्ता मोकळा मिळाला, तशी मी जरा पाय दाबला.

द्रोणागिरीच्या गोदामांपाशी आलो आणि समोर लाल दिवा लागला.

"मंदा, ती झारी पेटली."

"कुठली झारी?"

"अगं, ती बघ, झारीचं चित्र! टपटप थेंबवालं!"

ऑईलचा दिवा! मी ताबडतोब गाडी बाजूला घेतली आणि बंद केली. (ह्याचं श्रेय मला आजतागायत कुणी दिलेलं नाही. दुसरी कुणी असती तर तशीच दामटली असती आणि इंजिन जागच्या जागी संपलं असतं.) उतरून बघते तो मागे रस्त्यावर लांबपर्यंत सोनेरी पट्टा, आणि गाडीच्या पोटातून धार लागलेली. नवं ऑईल, सगळंच्या सगळं, द्रोणागिरीच्या मातीत! एक मोटारसायकलवाला थांबला, धारेकडे बघितलं, माझ्या पिवळ्या साडीकडे बघितलं आणि म्हणाला, "ताय, गाडीची पन हळद हाय का आज?"

मी त्याला जे बोलले ते इथे लिहीत नाही. बॉनेट उघडून आत हात घातला, तर कोपरापर्यंत ऑईल आणि इंजिनची काजळी. मागे हे उभे. टोमणा मारला असता तर भांडता तरी आलं असतं! नुसता खिशातला रुमाल काढून माझ्यापुढे धरला. आणि मला एकदम रडू आलं. खरंच आलं. गाडी गेली, असं वाटलं. कुठेही जायचं झालं तर आता परत कुणाला तरी विचारा, कुणाची तरी वाट बघा.

तेवढ्यात रमेशचा फोन. "ताय, कुठं हाय तू? विकी पाटावर बसलाय, भटजी बोंबलतोय, हळद तुज्याकडं हाय!"

"अरे, गाडी बंद पडलीय, द्रोणागिरीला."

"नाय गो! एक पन गाडी नाय इथं, सगळ्या पावन्यांना आनायला गेल्या... थांब, डीजेवाला तिकडूनच येतोय. त्याला सांगतो."

दहाव्या मिनिटाला डीजेचा टेम्पो आला. चार माणसांएवढे स्पीकर, वर रंगीत दिवे. मी म्हटलं, आम्हाला दोघांना घेऊन चला. ड्रायव्हर म्हणाला, "बसायला जागाच नाय, ताय. दोर हाय, बांधतो गाडी." स्पीकर बांधायच्या दोराने माझी गाडी टेम्पोमागे बांधली आणि आमची वरात निघाली. मी स्टिअरिंग धरून, हे डबा धरून.

इथवर निभावलं असतं. पण करंज्याच्या वेशीपासून वाजवत यायचं, असं रमेशने डीजेवाल्याशी ठरवलेलं होतं, आणि तो माणूस शब्दाचा पक्का निघाला. वेस आली, आणि दण्णकन आवाज सुरू झाला. काचा थरथरल्या, आरसा खाली पडला. घराघरांतून माणसं बाहेर आली. मागे दोराने बांधलेली गाडी, बॉनेटवर हळदकुंकू लावलेली. त्यांना वाटलं, कुणीतरी मोठा पाहुणा! पोरं पुढे नाचायला लागली. बायका गाडीवर अक्षता टाकायला लागल्या. मांडवासमोर माझी ऐंशी वर्षांची आई आरतीचं ताट घेऊन उभी होती. तिने मागचापुढचा विचार न करता खिडकीतून हात घालून ह्यांनाच ओवाळलं.

"आई, मी आहे, प्रभाकर!"

"मंग? जावय नाय काय तू?" आई म्हणाली आणि नाकापर्यंत कुंकू लावलं.

मी डबा घेऊन पळत सुटले. साबणाने दोनदा हात धुतले, तरी बोटांवरचं काळं काही निघालं नाही. विकीला पहिली हळद लावली. फोटोत त्याच्या दोन्ही गालांवर पिवळ्या हळदीत माझी चार चार काळी बोटं स्पष्ट दिसतात. त्याची बायको तो फोटो आल्यागेल्याला दाखवते.

हळद लागली, जेवणं झाली, आणि बघते तो गाडीभोवती घोळका. नामदेवशेठ बॉनेटमध्ये वाकले होते. होडीच्या इंजिनावर आयुष्य गेलेला माणूस. त्यांनी फिल्टर फिरवून काढला आणि दोन बोटांत दोन रबरी रिंगा धरून वर केल्या. एक पिळवटून फाटलेली.

"या दोन कशाला?"

मी मान ताठ ठेवून सांगितलं. कुकरसकट सांगितलं. रमेश हसता हसता खुर्चीवरून पडला. नामदेवशेठ मात्र हसले नाहीत. "दोन रिंगा एकमेकींवर टिकत नायत, बाय. दाब आला की सरकतात. जुनी खरवडून काढायची असते."

"पण फिल्टर कसा आहे?" मी विचारलं.

त्यांनी तो वजन करून पाहिला, उलटा करून आत बघितलं. "फिल्टर मस्त हाय. असा मी होडीला पन नाय टाकला कदी."

"ऐकलंत?" मी ह्यांच्यावर ओरडले. "ऐकलंत सगळ्यांनी?"

"ऐकलं," हे म्हणाले. "चावी?"

शब्द म्हणजे शब्द. मी पर्समधून चावी काढली. नामदेवशेठच्या तळहातावर ठेवली आणि तोंड फिरवलं.

नामदेवशेठनी चावी खिशात घालता घालता सहज विचारलं, "इंजिन वाचलंय, वेळेवर बंद केलीस. बरं, याच्या आदीची कामं कोन करायचं?"

इथे कुठलीही शहाणी बाई गप्प बसली असती. मला गप्प बसवेना! चावी गेली तर गेली, पण माझं कर्तृत्व का झाकून ठेवू? मी म्हणाले, "मेकॅनिक नुसता नावाला. बरीच कामं मीच केलीयत. रेडिएटरच्या पाइपला चीर गेली, ती मी सायकलच्या ट्यूबने बांधली, अजून टिकलीय. बॅटरीची वायर सैल होती, तिच्यात चांदीचा कागद घातला. एअर फिल्टर मी दर महिन्याला साबणाने धुते. आणि ब्रेक कुरकुरत होते ना, त्यांना थोडं खोबरेल..."

नामदेवशेठनी खिशातून चावी काढली. माझा हात धरला, चावी त्यात ठेवली आणि माझी मूठ स्वतःच्या दोन्ही हातांनी बंद केली.

"बाय," ते म्हणाले, "गाडी तुलाच लखलाभ. आमची सून एकुलती हाय."

ह्यांनी त्यानंतर आणखी तीन गिऱ्हाइकं आणली. तिघांनाही मी तितक्याच अभिमानाने सगळं सांगितलं, ब्रेकसकट. (ब्रेक नंतर नीट करून घेतले, काळजी नसावी.) गाडी अजून माझ्याकडेच आहे. कुणी विचारतं, "मॅडम, एवढी जुनी गाडी अजून कशी टिकली हो तुमच्याकडे?" तर मी छाती पुढे काढून सांगते, "माझ्या मेंटेनन्समुळे!" सांगा बरं, ह्यात एक शब्द तरी खोटा आहे का?